‘इतके दिवस का गप्प बसलीस?’

बाईने किंवा मुलीने तोंड उघडले की पहिला प्रश्न हाच येतो. आधी तो घरात येतो. मग वस्तीत, मग पोलीस ठाण्याच्या टेबलावर आणि शेवटी कोर्टात, जिथे बचावाचा वकील तोच प्रश्न चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारतो. एवढे घडले होते, तर त्याच दिवशी का नाही सांगितले? प्रश्न दिसायला साधा आहे. पण या प्रश्नापुढे भल्या भल्या फिर्यादी कशा गळपटतात, हे आमच्या खानदेशाने डोळ्यांनी पाहिले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, जुलै १९९४ आठवा. ज्यांना आठवत नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. जळगावचे ते प्रकरण ‘वासनाकांड’ या नावाने महाराष्ट्रभर गाजले. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींना फूस लावून, धमकावून, काहींना गुंगीचे औषध देऊन त्यांच्यावर अत्याचार झाल्याचे, त्यांचे फोटो आणि व्हिडिओ चित्रण केल्याचे आणि मग त्या फोटोंच्या धाकावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावल्याचे आरोप बाहेर आले. बोट दाखवले गेले ते स्थानिक पुढारी, पैसेवाले आणि गुंड यांच्याकडे. हे एका रात्रीत घडलेले नव्हते, कित्येक वर्षे चालू होते. वर्तमानपत्रांनी पीडित मुलींचा अंदाज तीनशे ते पाचशे असा दिला. तपासासाठी अरविंद इनामदारांसारखे वरिष्ठ अधिकारी नेमले गेले. राज्य गुन्हे शाखेकडून मीरां बोरवणकर यांनी तपासात भाग घेतला. विशेष न्यायालय बसले.

आम्ही त्या वेळी शाळेत जाणारी पोरे. एवढे मात्र स्पष्ट आठवते की घरात पेपर आला की तो घडी करून गादीखाली जाई. शेजारच्या ताईचा टायपिंगचा क्लास त्याच महिन्यात बंद झाला. लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे मुलीचे शिक्षण नंतर विचारत. मुलगी जळगावची आहे का, हे आधी विचारत. ज्या मुलींचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांनाही गावाच्या नावाची शिक्षा झाली. मग जिच्यावर खरोखर बेतले होते तिने पुढे येऊन नाव सांगायचे तरी कुणाच्या भरवशावर?

शेवटी कोर्टापर्यंत पोहोचल्या त्या मोजक्या फिर्यादी. त्यांतही घटना जुन्या. वैद्यकीय पुरावा कुठून असणार? अंगावरचे कपडे, पंचनामा, तपासणीचा कागद, काहीच नाही. साक्षीदार फिरले. एक गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. त्या काळी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५५ मध्ये एक पोटकलम होते. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची’ आहे असे दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवण्याची मुभा त्यात वकिलाला होती. फोटो दाखवून वर्षानुवर्षे नाचवलेल्या मुलीला हे कलम कसे लागू पडत असेल याची कल्पना करा. २००२ च्या दुरुस्तीने ते कायद्यातून गेले. जळगावचे खटले त्याआधीचे. बऱ्याच खटल्यांतून आरोपी सुटले. खालच्या कोर्टात झालेली शिक्षाही प्रत्येक वेळी वरच्या कोर्टात टिकली नाही.

राजस्थानातील अजमेरचे प्रकरण जळगावच्या आधी दोन वर्षे, १९९२ मध्ये उघडकीस आले. तऱ्हा तीच, शाळकरी मुली आणि फोटो. तेथील शेवटच्या सहा आरोपींना विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली ती २० ऑगस्ट २०२४ रोजी. म्हणजे बत्तीस वर्षांनी. फिर्याद दिली तेव्हा ज्या मुली होत्या, त्या शेवटच्या साक्षीपर्यंत आज्या झाल्या होत्या. उशिराचा दोष नेहमी मुलीच्या पदरात टाकला जातो. या बत्तीस वर्षांचा दोष कोणाच्या पदरात टाकायचा?

कोर्ट उशिराकडे कसे पाहते

आपल्या लोकांत एक समज घट्ट बसला आहे की उशिरा दिलेली फिर्याद कोर्ट फेकून देते. हे खरे नाही. आणि उशिराने काहीच बिघडत नाही, हेही खरे नाही. दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्यात.

१९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘थुलिया काली’ या खुनाच्या खटल्यात असे म्हटले, की फिर्यादीला उशीर झाला की हकिकतीला तिखटमीठ लागते, विचार करून रचलेली गोष्ट शिरण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून उशिराचे समाधानकारक कारण दिले पाहिजे. हे तत्त्व चुकीचे नाही. खुनाचा साक्षीदार असो की चोरीचा, आठ दिवस गप्प राहिला तर विचारलेच पाहिजे. बिघडले कुठे, तर खालची कोर्टे हेच माप बलात्काराच्या खटल्यालाही डोळे मिटून लावू लागली.

ते सुधारले पंजाबच्या गुरमित सिंग खटल्यात, १६ जानेवारी १९९६ रोजी. दहावीची परीक्षा देऊन निघालेली सोळा वर्षांखालील मुलगी, १९८४ सालची घटना. मुलीच्या बापाने आधी सरपंचाकडे धाव घेतली, पंचायत बसली, तडजोडीचा प्रयत्न झाला. न्याय मिळत नाही असे दिसल्यावर मग पोलीस. या खटपटीत दोन-तीन दिवस गेले आणि कनिष्ठ न्यायालयाने इतर कारणांबरोबर त्या उशिरावरही बोट ठेवून आरोपींना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले. अशा गुन्ह्यात मुलगी आणि तिचे घरचे लोक अब्रूच्या भीतीने कचरतात, थंड डोक्याने विचार करूनच फिर्याद देतात, म्हणून केवळ उशिरामुळे फिर्याद खोटी ठरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. खटला बंद दाराआड चालवावा, मुलीचे नाव येऊ देऊ नये, हेही बजावले. बंद दाराची आणि नाव गुप्त ठेवण्याची तरतूद १९८३ पासून कायद्यात होतीच. चंद्रपूरकडच्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीच्या खटल्यात १९७८ साली पोलीस सुटले, त्यावर देशभर स्त्रियांनी जो आवाज उठवला त्यातून ती आली होती. पण पाळतो कोण?

तेव्हा सूत्र असे. उशीर झाला म्हणून फिर्याद मरत नाही. उशिराचे कारण कागदावर आले नाही म्हणून ती मरते. आमच्या पाहण्यातल्या पोलीस ठाण्यांत ठाणे अंमलदार घटना लिहून घेतो आणि मधली दहा वर्षे एका ओळीत संपवतो: ‘भीतीपोटी कोणास सांगितले नाही.’ बस्. कोणाची भीती, कोण काय बोलले, आईला कधी सांगितले, आई काय म्हणाली, कोणी शपथ घातली, कोणत्या मोठ्या माणसाने मध्ये पडून मिटवले, काहीही नाही. तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात मुलगी ते सगळे सांगू लागते आणि वकील म्हणतो, ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितले नव्हते, आज प्रथमच सांगत आहात.’ सांगितले असेलही. लिहिले कोणी?

म्हणून आमचे म्हणणे असे की ‘इतके दिवस का गप्प बसलीस’ हा प्रश्न विचारायचाच. पण तो एकदा, योग्य जागी, ऐकून घेण्यासाठी विचारायचा आणि त्याचे उत्तर पहिल्याच दिवशी तपशिलाने जबाबात उतरवायचे. यात फिर्यादी बाईचे भले आहे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचेही. कारण ते उत्तर खोटे असेल तर तपासता येते आणि खरे असेल तर टिकते.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची गोष्ट

मध्यंतरी धुळ्याच्या एका वस्तीत महिला मंडळाच्या बैठकीनंतर एक भगिनी मागे थांबल्या. वय अडतीस. तिची मुलगी यंदा चौथीत गेली. आपणही चौथीत असताना काय घडले ते तिला तेव्हापासून झोपू देईना. आईच्या नात्यातला माणूस, सगळे त्याला मामा म्हणत. आखाजीच्या सुट्टीत मुक्कामाला यायचा. आम्हाला तपशील विचारायची गरज नव्हती आणि आम्ही विचारलाही नाही. तिने एवढेच विचारले, "भाऊ, आता केस होते का? का मी आपली येड्यासारखी विचारते?"

आम्ही म्हणालो, "ताई, होऊ शकते. पण काय घडले आणि कोणत्या साली घडले, यावर आहे."

हे ‘कोणत्या साली’ फार महत्त्वाचे आहे आणि याबाबत शिकलेली माणसेही घोटाळा करतात. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सारे पॉक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्या दिवसानंतर घडलेल्या गुन्ह्याला तो लागतो. आधीच्या गुन्ह्याला लागत नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या आपल्या संविधानाच्या कलम २० मध्येच हे आहे, की कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याप्रमाणेच दोषी ठरवता येते आणि त्या वेळी होती त्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी त्याआधीचा गुन्हा जुन्या संहितेखालीच चालतो.

त्या भगिनीची घटना पॉक्सोच्या कितीतरी आधीची. तेव्हाच्या कलम ३७६ खाली येणारा प्रकार असेल तर फिर्यादीला मुदत नाही, तीस वर्षांनीही देता येते. बारा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत तेव्हाही किमान शिक्षा दहा वर्षे होती. पण तेव्हाची बलात्काराची व्याख्या अरुंद होती. ती २०१३ मध्ये रुंदावली. अंगाशी झटणे, नको तिथे हात लावणे हे सारे तेव्हा कलम ३५४ मध्ये जाई आणि ३५४ ची शिक्षा २०१३ पर्यंत जास्तीत जास्त दोन वर्षे होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे एक ते तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने तीन वर्षांच्या आतच घ्यायची. म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीने बारा वर्षांची व्हायच्या आत फिर्याद द्यायची, असा हा हिशेब! न्यायाच्या हितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकार कलम ४७३ ने कोर्टाला दिला होता खरा, पण तो मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मुलग्यांची कथा तर आणखी वाईट. त्यांच्यासाठी २०१२ पूर्वी कलम ३७७ सोडले तर धड कलमच नव्हते. मुलग्यांबाबत असे काही घडते हेच आपण कबूल करत नाही, तिथे कायदा तरी काय करणार!

पॉक्सो लागू झाल्यानंतरच्या गुन्ह्यांबद्दल मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने कायदा मंत्रालयाचा सल्ला घेऊन जाहीर केले, की पीडित मूल मोठे झाल्यावर कोणत्याही वयात तक्रार करू शकते.

त्या ताईंनी पुढे काय केले ते आम्ही येथे लिहिणार नाही. तो निर्णय तिचा आहे.

तारीख नव्हे, आखाजी

अशा जुन्या प्रकरणात आमच्यासारखे कार्यकर्ते एक मोठा घात करतात, चांगल्या हेतूने. जबाब ‘पक्का’ व्हावा म्हणून तारीख घालायला लावतात. नऊ वर्षांच्या पोरीला तारीख कुठून आठवणार? तिला आठवते की आखाजीला झोका बांधला होता, चौदा एप्रिलची मिरवणूक होऊन गेली होती, घरावर पत्रे नवे टाकले होते, धाकटा भाऊ रांगत होता. तेच लिहावे. ‘मी इयत्ता चौथीत असताना, आखाजीच्या सुट्टीत’ हे वाक्य कोर्टात उभे राहते, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरवरून ते साल निघते. ‘दिनांक १२ मे रोजी दुपारी तीन वाजता’ हे शिकवलेले वाक्य उलटतपासणीत पहिल्या फटक्याला पडते आणि पडताना खरे असलेलेही घेऊन पडते.

आणि आरोपीच्या बाजूनेही पाहा. दोषारोपात वेळ आणि ठिकाण एवढे तरी नेमके असावे लागते की आपल्याला कशाचे उत्तर द्यायचे ते त्याला कळावे. हा कायद्याचा नियम आहे, कुणाची मेहरबानी नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या आरोपाला उत्तर देणे निर्दोष माणसालाही सोपे नसते. आम्ही कारकून माणसे, आमचा जन्म दप्तरात गेला, म्हणून सांगतो. सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायम राहतो, ‘ड’ वर्गातला कागद वर्षभरात रद्दीत जातो, मधले वर्ग आपापली मुदत भरली की नष्ट होतात. त्या आखाजीला आपण गावातच नव्हतो, बाहेरगावी ड्युटीवर होतो, असे आज साठीला आलेला माणूस म्हणाला, तर त्याचे हजेरीपत्रक कुठे सापडणार? ज्याच्या घरी उतरलो होतो तो साक्षीदार जिवंत असेल का? हे प्रश्न खरे आहेत. ते विचारले म्हणून कोणी पीडितेचा शत्रू होत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही ही दोरी ताणून धरली आहे. १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की प्रथम खबर नोंदवलीच पाहिजे असे सांगितले. पण तीन महिन्यांहून जास्त, असाधारण उशीर असून त्याचे समाधानकारक कारण दिलेले नसेल, तर आधी थोडक्यात प्राथमिक चौकशी करता येईल, अशी सूट ठेवली. पोलीस या सुटीचा उपयोग दार बंद करायला करतात, ही आमची तक्रार आहे. पण उशिराचे कारण पहिल्या अर्जातच तपशिलाने लिहिले असेल तर ते दार बंद करणे जड जाते. बलात्काराची फिर्याद नोंदवायला नकार देणे हा २०१३ पासून पोलीस अधिकाऱ्याचाच गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे.

एकट्या पीडितेच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, हे आता ठरलेले आहे, साक्ष मात्र विश्वासार्ह पाहिजे. पॉक्सोच्या कलम २९ प्रमाणे विशेष कोर्ट आरोपीने गुन्हा केला असे गृहीत धरते आणि ते खोडण्याचा भार त्याच्यावर येतो. तरी मूळ गोष्टी सरकार पक्षाने आधी सिद्ध करायच्या असतात, असे उच्च न्यायालयांनी सांगितले आहे. २०१२ पूर्वीच्या घटनेत तर हे गृहीतक नाहीच.

आरोपीच्या हक्काची गोष्ट काढली की आमचे काही मित्र रागावतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली बदलापूरची. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले. शाळेने वेळेवर कळवले नाही, पोलिसांनी गुन्हा नोंदवायला पालकांना ताटकळत ठेवले, शेवटी २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. अजमेरचा निकाल लागला तोच हा दिवस. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. आरोपी सफाई काम करणारा तरुण. २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. काही लोकांनी पेढे वाटले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरल्याचे उघड झाले. आता विचार करा, त्या मुलींना काय मिळाले? त्याच्याविरुद्धचा पुरावा कोर्टापुढे तपासला गेला नाही, निकाल नाही, दोषसिद्धी नाही. शाळेने का लपवले, पोलीस का थांबले, हे प्रश्न गोळीच्या आवाजात मागे पडले. आणि गोळी कोणावर लवकर चालते? जळगावात ज्यांची नावे घेतली गेली त्या बड्यांवर चालली होती काय?

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. आंतरजातीय प्रेमात पडलेल्या आपल्या पोरांवर मुलीच्या घरच्यांनी ठोकलेले पॉक्सोचे गुन्हे आम्ही पाहिले आहेत. मुलगी सतरा वर्षे आठ महिन्यांची, पोरगा वीस वर्षांचा आणि आत. त्या दिवशी आपल्याला चांगला वकील हवा असतो, वयाचा खरा दाखला हवा असतो, न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकाव्यात असे वाटते. तो हक्क त्या दिवशी गोड आणि इतर दिवशी कडू, असे चालत नाही.

बाबासाहेबांनी १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला होता. समाजात ज्याला कोणी जवळ करत नव्हते अशा आरोपीच्या बाजूने ते उभे राहिले, खटला हरले. कर्वे जे करत होते त्याचा आजच्या विषयाशीही संबंध आहे. शरीराबद्दल साध्या शब्दांत बोलावे, एवढेच त्यांचे मागणे. आपल्या घरात आजही नऊ वर्षांच्या पोरीला आपल्या अवयवाचे नाव सांगता येत नाही. मग काय झाले ते ती सांगणार कोणत्या शब्दांत? अर्धा उशीर तर या शब्दांच्या अभावी होतो.

दिवाळीची सुट्टी

२०१६ च्या नोव्हेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचे प्रकरण उघडकीस आले, ते कसे? आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी मुली दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्या आणि पोट दुखते म्हणाल्या. घर भेटले तेव्हा तोंड उघडले. शाळेत सांगायला कोणी नव्हते आणि जे होते त्यांच्यावरच पुढे लपवाछपवीचे आरोप झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूरपासून चोपडा-यावलपर्यंत, अशा कितीतरी शाळा आहेत जिथे मूल जूनमध्ये जाते आणि दिवाळीला घर पाहते. तेव्हा मूल सुट्टीत आले की पहिल्या दोन दिवसांत त्याच्याजवळ बसा. मार्क नंतर विचारा.

आजच्या मुलांच्या बाबतीत कायदा फार स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, कलम १९. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. यात शिक्षक आले, डॉक्टर आले, वसतिगृहाचा अधीक्षक आला आणि आम्ही मंडळवालेही आलो. तेव्हा समाजमंदिरात बैठक बसवून, आरोपीकडून पाच-पंचवीस हजार घेऊन, ‘पोरीच्या लग्नाला कामी येतील’ म्हणून मिटवणारी जी मंडळी आहेत, त्यांनी हे नीट वाचावे. गुरमित सिंग खटल्यात पंचायतीने घालवलेले दोन दिवस त्या मुलीला बारा वर्षे पुरले. तक्रार खोटी, कोणाला बदनाम करायला किंवा पैसे उकळायला दिलेली असेल तर कलम २२ खाली देणाऱ्यालाही शिक्षा आहे. मात्र खुद्द मुलाला नाही.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची. कोर्टात वकिलाने मुलाला थेट झोडपायचे नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ द्यायचा नाही. हे सगळे मागावे लागते. न मागता मिळालेले आम्ही क्वचित पाहिले.

जुन्या घटनेबाबत बोलायचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी पोलीस ठाण्यात जाण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. कोठडीतल्या आरोपीलाही मिळतो. राज्य सरकारची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासूनची आहे, त्याआधीच्या घटनांना तिची मदत धरून चालू नये. लहान मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे.

जाताना शाळा सोडल्याचा दाखला न्यावा, वयासाठी. तो हरवला असेल तर शाळेत अर्ज करावा. जनरल रजिस्टर कायम जपायचे असते, मुख्याध्यापकाने ‘जुने आहे, सापडत नाही’ म्हटले तर तसे लेखी मागावे. ज्या कोणाला पूर्वी सांगितले होते, आई, बहीण, मैत्रीण, डॉक्टर, त्यांची नावे आणि साधारण साल एका कागदावर लिहावे. जुनी पत्रे, डायरी, दवाखान्याचे केसपेपर असतील तर झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहावे. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये, आणि प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.